आकाशात न ओळखता येणारं काही दिसलं तर : नोंदी आणि तपासाचा धागा

ध्रुवमत्स्य (शुक्रवार, रात्री ९:१५)

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं आम्ही सहा जण फावल्या वेळात एक काम करतो. कुणाला आकाशात न ओळखता येणारं काही दिसलं आणि त्यांनी कळवलं, की आम्ही त्यांना भेटतो. आधी सगळं ऐकून घेतो. जमलं तर जिथून दिसलं तिथेच, त्याच वेळेला जाऊन उभे राहतो. मग ते काय असेल याचा छडा लावायला बसतो. आमच्यात दोन शिक्षक आहेत, एक वायरमन, एक निवृत्त सर्व्हेअर, एक परिचारिका आणि मी. पैसे आम्ही घेत नाही.

या आठवड्यात एकदम पाच निरोप आले. पाचांतल्या चौघांची सुरुवात "कुणाला सांगू नका, पण" अशी होती. माणसाने डोळ्यांनी काही पाहावं आणि ते चोरून सांगावं लागावं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी काही पाहिलंय त्यांनी इथे मोकळेपणाने लिहावं. खरं नाव, गाव काही नको.

लिहिताना तीन गोष्टी मात्र आवर्जून द्या: वेळ, दिशा आणि उंची.

वेळ मिनिटापर्यंत. "जेवणं झाल्यावर" एवढ्यावर आमचं भागत नाही. त्या वेळी केलेला फोन, आलेला मेसेज, टीव्हीवर काय चालू होतं, कशावरूनही वेळ काढता येते. दिशा म्हणजे दिगंश, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन. तो माहीत नसेल तर "पाण्याच्या टाकीच्या डावीकडे" असं लिहा, नंतर जागेवर जाऊन होकायंत्राने मोजता येतं.

उंचीच्या बाबतीत सगळ्यांचीच फसगत होते. रात्रीच्या आकाशात एकट्या दिव्याची उंची मीटरमध्ये किंवा किलोमीटरमध्ये कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. वस्तू केवढी आहे ते माहीत नसेल तर ती किती लांब आहे हे डोळ्याला कळायला मार्गच नसतो. म्हणून कोन सांगा. हात ताठ पुढे करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. पूर्ण चंद्र फक्त अर्धा अंश असतो, म्हणजे करंगळीच्या आड दोन चंद्र मावतील. "क्षितिजापासून चार मुठी वर" एवढं वाक्य मला पानभर वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दोघांनी पाहिलं असेल तर आपसात बोलण्याआधी वेगवेगळ्या कागदांवर चित्र काढा. एकदा गप्पा झाल्या की दोन आठवणींची एक होते आणि ती परत सुटी करता येत नाही.

परग्रहवासी आहेत की नाहीत हा वाद कृपया इथे नको.

---

मृगशीर्ष (शुक्रवार, रात्री ९:४८)

फार गरजेचा धागा. फोटो-व्हिडिओबद्दल थोडी भर घालतो, माझा रोजचा संबंध कॅमेऱ्याशी आहे.

मूळ फाईल जपा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलात की चित्र दाबलं जातं आणि त्यातली वेळ, एक्स्पोजर, लेन्स ही माहिती पुसली जाते. तपास करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा फोनवरून थेट उतरवून घ्या.

दुसरं असं, की अंधारात फोनला फोकस सापडत नाही आणि मग ताऱ्याचा ठिपका फुगून तबकडी होतो. कडा असलेली, आत वलयं असलेली, चक्क थरथरणारी तबकडी. लेन्सच्या झडपेचा जो आकार असेल तोच आकार तिला येतो, म्हणून काही कॅमेऱ्यांत ती चौकोनी हिऱ्यासारखीही दिसते. चित्रीकरण करताना मध्येच झूम पूर्ण मागे घ्या आणि झाड, छप्पर, खांब असं काहीतरी चौकटीत येऊ द्या. स्थिर संदर्भ नसेल तर हात हलला की वस्तू हलली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

खाली रस्त्यावरचा दिवा असेल आणि वर आकाशात हिरवट ठिपका दिसत असेल, तर चौकटीच्या मध्यातून एक रेघ ओढून पाहा. ठिपका दिव्याच्या बरोबर समोर, तेवढ्याच अंतरावर आला तर ते लेन्सच्या आतलं परावर्तन आहे. असे फोटो मी ढिगाने पाहिलेत. काढणाऱ्याने काही लबाडी केलेली नसते, कारण फोटो काढताना त्याला ते दिसलेलंच नसतं. घरी येऊन बघतो तेव्हा दिसतं.

---

दिगंत (शुक्रवार, रात्री ११:०२)

काम चांगलं आहे, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. तुम्ही लोक "हे शुक्र असेल, ते विमान असेल" असंच सिद्ध करायला बसलेले असता ना? अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांनी चित्रित केलेले तीन व्हिडिओ पेंटॅगॉनने एप्रिल २०२० मध्ये स्वतः प्रसिद्ध केले. जून २०२१ च्या त्यांच्या अहवालात १४४ नोंदी होत्या आणि त्यांतल्या एकाच नोंदीचा खात्रीने उलगडा झाला होता. मग उरलेल्या १४३ चं काय? मी लहानपणापासून हा विषय वाचत आलोय. स्पष्टीकरण आधी ठरवायचं आणि मग माणसाची साक्ष त्यात कोंबायची, हेच मी जास्त पाहिलंय.

---

ध्रुवमत्स्य (शनिवार, सकाळी ७:३०)

दिगंत, शंका रास्त आहे. हा आजार आमच्या कामाला खरोखरच जडतो आणि त्याचं एक उदाहरण मला पाठ आहे.

मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये बऱ्याच लोकांनी दलदलीच्या भागात दिवे पाहिले. अमेरिकी हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक तिथे गेले. थोड्याच दिवसांत त्यांना पत्रकारांसमोर उभं केलं गेलं आणि त्यांनी दलदलीतल्या वायूची शक्यता बोलून दाखवली. ती एक शक्यता होती. पण बातम्यांत तोच निकाल झाला आणि पाहणाऱ्यांना आपल्याला वेड्यात काढलं असं वाटलं. तिथले तेव्हाचे लोकप्रतिनिधी जेराल्ड फोर्ड यांनी, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, संसदेत सुनावणी मागितली. हायनेक स्वतः नंतर बदलत गेले आणि १९७३ मध्ये त्यांनी यूएफओंच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र काढलं. घाईने दिलेलं स्पष्टीकरण बरोबर असलं तरी माणसं तोडतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

आता उरलेल्या १४३ बद्दल. "उलगडा झाला नाही" या शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा एक विभाग १९७७ पासून हेच काम करतोय, आज त्याचं नाव गेइपान. ते प्रत्येक नोंदीला चारपैकी एक वर्ग देतात. अ म्हणजे नक्की ओळखलं. ब म्हणजे बहुधा ओळखलं. क म्हणजे माहिती अपुरी असल्यामुळे सांगता येत नाही. ड म्हणजे माहिती चांगली आहे, तपास पुरा झाला आहे आणि तरीही ओळखता आलेलं नाही. क आणि ड यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या आणि त्यांतल्या ७०१ अनोळखी राहिल्या. तो आकडा वाचला की मला पहिला प्रश्न पडतो, की यातले क किती आणि ड किती?

आमच्या वहीत क चिक्कार आहेत. बहुतेक वेळा कारण एकच, वेळ नक्की माहीत नव्हती.

आणि खऱ्या ड ची आम्हालाही ओढ आहेच. नॉर्वेतल्या हेसडालेन खोऱ्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांना वारंवार दिवे दिसू लागले. तिथे १९८३ मध्ये प्रकल्प उभा राहिला आणि १९८४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, त्या थंडीत, स्वयंसेवक कॅमेरे, रडार आणि प्रकाशाचे वर्णपट घेणाऱ्या जाळ्या घेऊन डोंगरात मुक्काम ठोकून बसले. १९९८ मध्ये तिथे स्वयंचलित केंद्र बसलं. सगळ्यांना पटेल असं एकच उत्तर अजूनही नाही. पण तिथे मोजमाप आहे. तुमच्यासारख्या माणसाने त्या वाटेने यावं असं मला मनापासून वाटतं.

---

दिगंत (शनिवार, सकाळी ८:१०)

क आणि ड मधला हा फरक मला माहीत नव्हता. वाचतोय.

---

कातरवेळ (शनिवार, रात्री १०:४०)

इथे पहिल्यांदाच लिहितेय. लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी आणि बाबा गच्चीवर होतो. वीज गेली होती, सगळीकडे मिट्ट अंधार. बाबा एकदम म्हणाले, "वर बघ." तीन दिवे होते, पांढरे, न लुकलुकणारे, त्रिकोणात. तिन्ही एकाच गतीने पुढे सरकत होते, एकमेकांपासूनचं अंतर जराही न बदलता. आवाज अजिबात नाही. डोक्यावरून पुढे गेले आणि एकेक करत मावळले.

बाबा म्हणतात की ते तीन दिवे नव्हते. ते एकच मोठं काळं त्रिकोणी काहीतरी होतं आणि त्याच्या तीन टोकांना दिवे होते. त्यांना त्याची कड दिसली. मधले तारे झाकले जात होते असंही ते म्हणतात. मला कड नक्की आठवत नाही, पण ते सांगायला लागल्यापासून मलाही दिसली होती असं वाटू लागलंय.

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. हिशेबाचा माणूस. आयुष्यात त्यांनी असलं काही सांगितलेलं नाही. कालपासून ते गप्प आहेत. शेजारच्यांना सांगायला गेले तर ते म्हणाले, वय झालं. म्हणून लिहितेय.

---

नभांगण (शनिवार, रात्री १०:५२)

स्टारलिंक. विषय संपला.

---

ध्रुवमत्स्य (शनिवार, रात्री ११:०५)

नभांगण, विषय संपलेला नाही. स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यानंतर पहिले काही दिवस एकामागे एक अशा ओळीने जातात. मे २०१९ मध्ये पहिले ६० सोडले तेव्हा जगभर लोकांनी ती माळ पाहिली. कातरवेळ त्रिकोण म्हणताहेत, त्याचा आकार बदलला नाही म्हणताहेत. सांगणाऱ्याने जे सांगितलं ते आधी नीट वाचू या.

कातरवेळ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. काही प्रश्न विचारतो, जमेल तशी उत्तरं द्या. नक्की आठवत नसेल तिथे "आठवत नाही" असंच लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

किती वाजले होते? कुठून कुठे गेले? तीन दिव्यांमधलं अंतर हात लांब करून मोजलं तर किती बोटं भरेल? ओळखीच्या कुठल्या ताऱ्याएवढे ते तेजस्वी होते? एकूण किती वेळ दिसले? मावळले ते क्षितिजाआड गेले, की वर आकाशातच विझले? रंग बदलला का?

आणि बाबांना एक निरोप द्या. त्यांनी एका कागदावर चित्र काढावं, तुम्ही दुसऱ्यावर. आता उशीर झालाय, तरी काढा.

---

रात्रपाळी (शनिवार, रात्री ११:३०)

मी रात्री कामावर असतो, आकाश खूप बघायला मिळतं. एक अनुभव सांगतो, कदाचित इथे लागू होणार नाही. आपल्याच दिशेने येणारं विमान उतरण्यासाठीचे दिवे लावून आलं की मिनिटन् मिनिट एका जागी थांबलेलं दिसतं. आवाज येत नाही. मग ते वळतं आणि तो झगझगीत दिवा एका क्षणात नाहीसा होतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं काम टाकून उभा राहिलो होतो. फ्लाइटरडारवर मागच्या वेळेची विमानं परत चालवून बघता येतात हे नंतर कळलं. विमानाला लाल-हिरवे आणि उघडझाप करणारे दिवे असतात. ताईंच्या वर्णनात ते नाहीत.

---

कातरवेळ (रविवार, सकाळी ९:२०)

रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. सकाळी ते स्वतः पट्टी-पेन्सिल घेऊन बसले.

वेळ ७:४६ ते ७:५०. वीज गेल्याचा मेसेज मी भावाला ७:४१ ला केला होता आणि "वर काहीतरी आहे" हा ७:४९ ला. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेले. अंतर बाबांच्या मते तीन बोटं, माझ्या मते चार. सप्तर्षीत चौकोन आणि शेपटी जिथे जोडली जाते तिथला फिकट तारा असतो ना, त्याच्याएवढे किंवा जरा कमीच. रंग बदलला नाही. विझले ते वर आकाशातच, क्षितिज अजून बरंच लांब होतं. पुढचा आधी गेला, मग मागचे दोन.

चित्रं वेगळी आली. माझ्या चित्रात तीन ठिपके आहेत. बाबांनी ठिपके जोडून आत पेन्सिलने काळं केलंय.

---

उल्कावेध (रविवार, दुपारी १२:१५)

तीन बोटं, चार मिनिटं, आवाज नाही, आकाशातच एकेक करून विझणं. हे वाचताच मी उपग्रहांच्या कक्षा काढून बसलो. वेळ इतकी नेमकी दिल्याबद्दल कातरवेळ यांचे आभार, नाहीतर काहीच करता आलं नसतं.

समुद्रावरची जहाजं हुडकण्यासाठी काही देश तीन-तीन उपग्रह एकत्र उडवतात. जहाजाचा रेडिओ संदेश तिघांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि त्या फरकावरून जहाज कुठे आहे ते काढता येतं. त्यासाठी तिघांना आपसातलं अंतर राखून उडावं लागतं, म्हणून आकाशात त्रिकोण दिसतो. अमेरिकेने १९७६ पासून असे त्रिकूट उडवले, पुढे त्यांनी जोड्या वापरल्या. चीनच्या याओगान मालिकेतले त्रिकूट २०१० पासून वर आहेत. ते साधारण ११०० किलोमीटर उंचीवर असतात. तेवढ्या उंचीवर सूर्य मावळल्यानंतरही बराच वेळ ऊन असतं. ते पृथ्वीच्या सावलीत शिरले की आकाशाच्या मध्यातच विझतात, आणि पुढचा आधी शिरतो म्हणून आधी विझतो. शहराच्या उजेडात हे दिसतही नाहीत. त्या रात्री वीज गेली नसती तर यांनाही दिसले नसते.

कातरवेळ यांनी मला जागेचा अंदाज निरोपातून कळवला. त्या जागेवरून याओगानचं एक त्रिकूट गुरुवारी ७:४५ च्या पुढे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जात होतं. माझ्या गणितात ७:५० च्या सुमारास ते सावलीत जातं.

---

मृगशीर्ष (रविवार, दुपारी १२:४०)

अंगावर काटा आला. उल्कावेध, सलाम.

---

कातरवेळ (रविवार, दुपारी ३:०५)

बाबांना वाचून दाखवलं. वेळ जुळली हे ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पण ते म्हणतात, "तीन उपग्रह असतील, मान्य. मग मला कड कशी दिसली? मी खोटं बोलत नाही." मला काय उत्तर द्यावं कळत नाहीये.

---

ध्रुवमत्स्य (रविवार, दुपारी ४:३०)

ते खोटं बोलत नाहीत. त्यांना सांगा की त्यांना कड खरोखरच दिसली असणार आणि त्याची जुनी, चांगली नोंदलेली उदाहरणं आहेत.

१९५५ मध्ये गाएतानो कानिझा या इटालियन मानसशास्त्रज्ञाने एक आकृती मांडली. तीन काळ्या चकत्या, प्रत्येकीची एक फोड कापलेली, आणि कापलेल्या बाजू एकमेकींकडे केलेल्या. मध्ये काहीही काढलेलं नाही. तरी बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मध्ये एक त्रिकोण दिसतो, त्याच्या कडा दिसतात, तो आजूबाजूच्या कागदापेक्षा उजळही वाटतो. बाबांना हे कागदावर काढून दाखवा. वयाचा याच्याशी काही संबंध नाही, शाळेतल्या मुलांनाही तो दिसतो.

आकाशातलं उदाहरण ३ मार्च १९६८ चं. सोव्हिएत झोंड ४ यानाशी संबंधित तुकडे अमेरिकेवरच्या आकाशात जळत गेले. वातावरणात परतणारा कचरा उल्केपेक्षा सावकाश जातो, कारण त्याचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतला असतो. उल्का ११ च्या पुढे आणि थेट ७२ पर्यंत. त्यामुळे लोकांना ते दृश्य नीट पाहायला मिळालं. कोलोरॅडो विद्यापीठात तेव्हा एडवर्ड काँडन यांच्या हाताखाली यूएफओंचा अभ्यास चालू होता, त्यात या नोंदी तपासल्या गेल्या. बऱ्याच जणांनी जळणारे तुकडेच पाहिल्याचं सांगितलं. पण काहींनी लांबट यान, त्याचा धातूचा सांगाडा आणि ओळीने उजळलेल्या खिडक्या पाहिल्या. शहाणीसुरती, शिकलेली माणसं. एकत्र सरकणारे दिवे दिसले की डोळ्यामागचा मेंदू त्यांना एका अंगाचे अवयव समजतो आणि मधलं अंग स्वतः भरून टाकतो.

ताऱ्यांबद्दल मात्र मी बाबांना एकच विचारीन. कुठला तारा झाकला गेला, हे त्यांनी आधी हेरून ठेवलं होतं का? नसेल तर ते "आठवत नाही"मध्ये जाईल. मी आमच्या वहीत ही नोंद ब म्हणून लिहितोय. कड दिसल्याचं वर्णन त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं ठेवतोय. ते मी खोडणार नाही.

---

दिगंत (रविवार, संध्याकाळी ६:२०)

अ का नाही? सगळं तर जुळलं.

---

ध्रुवमत्स्य (रविवार, संध्याकाळी ६:५५)

कारण त्यांच्या वर्णनातली एक गोष्ट, तारे झाकले जाणं, अजून सुटलेली नाही. जुळणाऱ्या गोष्टी मोजायच्या आणि न जुळणारी बाजूला सारायची, हीच तर तुमची शुक्रवारची तक्रार होती.

---

पाऊलखुणा (रविवार, रात्री ८:४०)

मी ध्रुवमत्स्य यांच्या गटातली परिचारिका. नाव-गाव का नको ते सांगायला लिहितेय, कारण लोक ते हलक्यात घेतात.

काही वर्षांपूर्वी एका शेतकरी बाईंनी पहाटे झाडांच्या शेंड्यावर एक प्रचंड तेजस्वी दिवा पाहिला. तो त्यांच्याबरोबर चालत होता, थांबल्या की थांबत होता. आम्ही त्याच पहाटवेळी गेलो, त्याच बांधावरून चाललो. शुक्र होता. शुक्र ऐन तेजात असला की आकाशात चंद्र सोडला तर त्याच्याइतकं तेजस्वी काही नसतं, आणि तो इतका लांब आहे की आपण चाललो तरी झाडांच्या मागून तो आपल्याबरोबर चालताना दिसतो. स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तारीख-वेळ घालून आधीच दिसलं होतं. तरी आम्ही गेलो, कारण त्यांना स्वतःला तो परत पाहू देणं गरजेचं होतं. बघितल्यावर त्या हसल्या आणि आम्हाला चहा पाजला. सगळं गोड झालं.

पण आम्ही पोचायच्या आधीच एका वर्तमानपत्राने त्यांचं नाव, गाव आणि फोटो छापला होता. महिनाभर लोक गाड्या घेऊन त्यांच्या शेतात येत होते. उभं पीक तुडवलं. मुलाला शाळेत चिडवायचे. बाईंनी मला नंतर विचारलं होतं, "मी बोलले हीच माझी चूक ना?" ते मी विसरू शकत नाही. त्या दिवसापासून आमच्या वहीत फक्त क्रमांक असतो. नावांचा कागद माझ्याकडे, कुलपात.

आणि शुक्राला फसणं म्हणजे अडाणीपणा असं कुणी समजू नये. २०१२-१३ मध्ये लडाखमध्ये सीमेवरच्या जवानांना आकाशात पिवळसर दिवे दिसत होते. ड्रोन असावेत असा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तपासून ते शुक्र आणि गुरू असल्याचं सांगितलं. पहाऱ्यावरचा सावध माणूस होता तो. सावध माणसालाच जास्त दिसतं.

---

नभांगण (रविवार, रात्री ९:१०)

कातरवेळ, माझा कालचा प्रतिसाद चुकला. बाबांना माझ्याकडून माफी सांगा.

---

ओलमाती (सोमवार, सकाळी १०:००)

आकाशातून काही खाली पडलं तर काय करायचं? चंद्रपूरच्या वेळी लोकांनी ते हाताळलं होतं ना?

---

उल्कावेध (सोमवार, सकाळी १०:४५)

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातमधून लोकांनी जळत जाणाऱ्या ओळी पाहिल्या. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं पडलेलं सापडलं, नंतर आसपास गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतला होता आणि वेळ-मार्ग त्याच्याशी जुळत होते. गोळे म्हणजे रॉकेटमधल्या दाबाखालच्या वायूच्या टाक्या. त्या भक्कम असतात, म्हणून सगळं जळून गेलं तरी त्या खाली पोचतात.

हात लावू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन असू शकतं, त्याची वाफसुद्धा घातक. धाग्यांचं आवरण फाटलेलं असेल तर त्याचे तंतू त्वचेत आणि फुप्फुसात जातात. लांबून फोटो घ्या, मुलांना दूर ठेवा, पोलीस पाटील किंवा तहसीलदारांना कळवा. घरी नेऊ नका. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूंची माहिती द्यावी लागते आणि ज्या देशाची ती असेल त्याने मागितली तर परत करावी लागते. जानेवारी १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडावर कोसळला, त्यात अणुभट्टी होती. बर्फातून किरणोत्सारी तुकडे वेचावे लागले.

---

रात्रपाळी (सोमवार, सकाळी ११:२०)

याच्याच जवळचं एक. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात शेतात मोठं कुपीसारखं काहीतरी उतरलं होतं, बघायला गर्दी लोटली. हैदराबादहून सोडलेल्या मोठ्या फुग्याला बांधलेली चाचणीची कुपी होती ती. फुग्यांना संशयितांच्या यादीत वरचं स्थान द्या. सूर्य मावळून खाली अंधारू लागलं तरी तीस किलोमीटरवरच्या फुग्यावर ऊन असतं, तो आणखी वीस-पंचवीस मिनिटं चमकत राहतो.

---

दिगंत (सोमवार, रात्री ९:३०)

ध्रुवमत्स्य, तुमच्या वहीत एकही ड नाही का?

---

ध्रुवमत्स्य (सोमवार, रात्री १०:१५)

एक आहे. दोन साक्षीदार, एकमेकांना न ओळखणारे, चार किलोमीटर अंतरावर. दोघांनी दिशा दिली, दोन्ही रेषा नकाशावर एका ठिकाणी छेदल्या. विमान, उपग्रह, ग्रह, फुगा, कंदील, ड्रोन सगळं धुंडाळलं. आमचे सर्व्हेअर काका त्या जागेवर अकरा वेळा जाऊन आले. अजून कळलेलं नाही. त्यावर मी काही तर्क करत नाही. नोंद उघडी आहे. तुम्हाला खरंच बघायची असेल तर नावं वगळून पाठवतो. कागद, कोन आणि वेळा, एवढंच आहे त्यात. नासाने २०२३ च्या अहवालात हेच म्हटलं, की पुरावे परग्रहाकडे बोट दाखवत नाहीत, पण हाती असलेली माहितीच फार कच्ची आहे. सामान्य माणसांच्या फोनमधून नीट माहिती गोळा करण्याचा विचारही त्यात मांडला होता. म्हणजे या धाग्यावरची माणसंच.

---

दिगंत (सोमवार, रात्री १०:२२)

पाठवा. होकायंत्र माझ्याकडे आहे.

---

उल्कावेध (सोमवार, रात्री १०:५०)

कातरवेळ, उद्या मंगळवारी ७:३८ ला तुमच्याकडून याओगानचं आणखी एक त्रिकूट जाणार आहे, वायव्येकडून आग्नेयेकडे, साधारण सहा मुठी उंचीवरून. दुर्बीण असेल तर उत्तम. घरातले, गच्चीवरचे दिवे पंधरा-वीस मिनिटं आधी मालवा. आणि बाबांना सांगा, वाटेतले तीन-चार तारे आधीच हेरून ठेवावेत. मार्गाचा नकाशा निरोपातून पाठवलाय.

---

कातरवेळ (मंगळवार, रात्री ८:५५)

बाबा सात वाजल्यापासून गच्चीवर होते. नकाशा टॉर्चवर लाल कागद लावून वाचत होते. ७:३९ ला मला हाक मारली. पुढचं त्यांनी सांगितलंय तसंच लिहितेय, त्यांची तशी ताकीद आहे.

"वेळ ७:३९ ते ७:४३. वायव्य ते आग्नेय. तीन ठिपके, अंतर अडीच बोटं. चार तारे आधी हेरले होते. त्यांपैकी एक तारा त्रिकोणाच्या आतून गेला आणि गेला तोवर दिसत राहिला. दुर्बिणीतून कड दिसली नाही. दुर्बीण खाली केल्यावर साध्या डोळ्यांनी पुन्हा थोडी दिसली. गुरुवारी तारे हेरले नव्हते. त्या दिवशीच्या ताऱ्यांपुढे 'आठवत नाही' लिहावे. नोंद करणार: वरीलप्रमाणे. पुढची वेळ कळवावी."